पाठराख्याचा शब्द

रविवारी चर्च सुटल्यावर डोर्की आणि तिची लेक रोवेना थेट हेट्टीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा हेट्टीनं दार मुद्दाम अर्धंच उघडलं. धाकटी बहीण हातात गरम कुक्सिस्टरची बशी घेऊन आली की समजायचं, बाईंना काहीतरी हवंय. फुकटात गोड खायला घालणाऱ्यातली डोर्की नव्हेच.

"आत घेणार आहेस, सुस, की बशी इथंच दगडावर ठेवू?" डोर्की म्हणाली. थोरल्या बहिणीला ती सुस म्हणायची.

"काय हवंय ते आधी बोल."

"बघितलंस, रोवेना? सख्खी बहीण दारात उभी आहे आणि ही फौजदारासारखी उलटतपासणी करतेय. अगं, चहा तरी विचार."

रोवेना मागं उभी होती. एकोणतीस वर्षांची उंच पोरगी. खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी आणि बोटं लालभडक, कारण आठवड्याचे सहा दिवस ती बंदरावरच्या कारखान्यात बर्फातल्या तारल्यांची मुंडकी यंत्राखाली सरकवत असे. अकरा वर्षं तेच. तिनं पिशवीतून एक पाकीट काढून मावशीपुढं धरलं.

"फक्त एक सही हवी आहे, आंटी हेट्टी."

फक्त! हेट्टीनं पाकीट घेतलं, चष्मा चढवला आणि दारातच उभ्या उभ्या कागद वाचला. परदेशातल्या त्या मोठ्या फोटोस्पर्धेत रोवेनाचा फोटो शेवटच्या सहांत आला होता. पहिला नंबर मिळाला तर वर्षभराचं काम, पगार, जगभर हिंडणं. अट एकच. फोटो जिथं काढला तिथल्या राखणदारानं स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं, की प्राण्याला कुणी हात लावला नाही, हुसकावलं नाही, आमिष दाखवलं नाही. खाली सही. शुक्रवारच्या आत.

आणि क्लिपनेसच्या टोकावरच्या पेंग्विनांची राखणदार बावीस वर्षं हेट्टी फिलँडरच होती. दुसरं कुणी नव्हतंच सही करायला.

"कुठला फोटो?" तिनं विचारलं. ठाऊक होतं तरी विचारलं.

"चर्चच्या हॉलमध्ये लावलाय तो. सगळं गाव बघून आलं, तू सोडून," डोर्की म्हणाली.

हेट्टी बघायला गेली नव्हती हे खरं. जायची गरजच नव्हती. त्या फोटोतली पेंग्विन लेना होती, छातीवर डावीकडं तीन ठिपके आणि खाली एक वेगळा पडलेला. प्रत्येक पेंग्विनच्या छातीवरचे ठिपके निराळे असतात आणि हेट्टीला टोकावरचे झाडून सगळे पक्षी त्या ठिपक्यांवरून ओळखता येत. फोटोत लेना अर्धवट उठलेली होती, चोच उघडून ओरडत होती आणि समोरच्या काळ्या पाठीच्या सीगलच्या चोचीत तिचं अंडं होतं. गावच्या बोलण्यातून एवढं कानावर आलं होतं आणि ती कुठली सकाळ ते हेट्टीला न बघता कळलं होतं, कारण त्या वेळी ती लेनाच्या मागं, झुडपात पालथी पडलेली होती. हातात काठी घेऊन.

"बघते," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं. कुक्सिस्टरची बशी बाहेरच राहिली.

ती काठी तिच्या बापाची. त्या काळी समोरच्या बेटावर पेंग्विनांची अंडी गोळा करायचं काम चाले आणि हेट्टीचा पा त्यात तरबेज होता. काठी दोन माणसं लांब, टोकाला डावासारखा वळवलेला पत्रा. अंडी काढणारा पक्ष्याच्या मागून पोटावर सरपटत जायचा, काठीचं टोक हलकेच शेपटीखाली लावायचा. पक्षी मान मागं वळवून पोट जरासं उचलायचा, तेवढ्यात अंडं डावात. दोन असतील तर एकच घ्यायचं. हेट्टी लहान असताना ती अंडी घरी यायची. कितीही उकडली तरी आतला पांढरा भाग पांढरा व्हायचा नाही, काचेसारखा राहायचा. ती आठ वर्षांची झाली तेव्हा सरकारनं अंड्यांवर बंदी घातली आणि पा दारू पीत खुर्चीत बसला तो बसलाच.

पण खरी गोष्ट काठीची नव्हे, पाठराख्याची. अंडी काढणाऱ्याची नजर खाली, घरट्यात. वर काय चाललंय ते त्याला दिसायचं नाही. म्हणून एक दुसरा माणूस घरट्यापुढं, घरट्याकडं पाठ करून उभा राहायचा, टोपी हातात घेऊन. हा पाठराखा. त्याचं काम सीगल बघायचं. जवळपास एकही सीगल नाही अशी खात्री झाली की तो ओरडायचा, "साफ!" आणि त्या शब्दानंतरच काठी हलायची. कारण पक्ष्यानं पोट उचललं आणि सीगल शेजारी असला तर अंडं गेलंच, शिवाय एक बिथरला की ओळीच्या ओळी उठायच्या आणि वरचे सगळे सीगल तुटून पडायचे.

"बेटावर एकच कायदा होता," पा सांगायचा. "चुकीचं 'साफ' म्हणणारा पुढच्या बोटीनं घरी. आणि मग त्याचं नाव कुणी घ्यायचं नाही. शिवी द्यायलासुद्धा नाही."

असा एक माणूस होता म्हणे. बापानं त्याचं नाव कधी सांगितलं नाही. हेट्टीनं लहानपणी विचारून विचारून भंडावून सोडलं, मरायला टेकल्यावरही एकदा विचारलं. पा नुसता भिंतीकडं वळला. हीच गोष्ट हेट्टीनं रोवेनाला, ती गुडघ्याएवढी असताना, स्वयंपाकघरात बसवून दहादा तरी सांगितली होती.

आता अंडी कुणी काढत नव्हतं, पण मोजायची तर होतीच. दर महिन्याला हेट्टी घरट्याघरट्यात जाऊन पक्ष्याखाली काय आहे ते बघायची, बापाच्या काठीनं, तसंच पोट उचलवून. पत्र्याचा डाव तिनं काढून टाकून त्या जागी कापड गुंडाळलं होतं. तीन वर्षांपूर्वी वन्यजीव खात्यानं काठीवर बंदी घातली आणि दांड्याला लावलेला आरसा पाठवला. पक्ष्याला स्पर्श करायचा नाही, आरशात बघायचं. बघायचं काय, कपाळ? समुद्राच्या वाफेनं आरसा दोन मिनिटांत आंधळा व्हायचा. हेट्टीनं आरसा खिळ्याला टांगला आणि काठी वापरत राहिली. पाठराखी म्हणून रोवेना यायची. कागदावर मात्र दर महिन्याला 'आरशाने मोजणी' असंच लिहिलेलं.

एप्रिलच्या त्या सकाळी लेनाच्या घरट्यामागं हेट्टी पालथी पडली होती. तोंडासमोर झुडूप, पुढं लेनाची शेपटी. पलीकडं रोवेना उभी होती, गळ्यात नेहमीसारखा कॅमेरा. "साफ!" रोवेना म्हणाली. हेट्टीनं काठी लावली. लेना उठली. आणि पंखांचा फडफडाट, लेनाची ती गाढवासारखी किंकाळी, सगळं एकदम. हेट्टी झुडपातून रांगत बाहेर येईपर्यंत दोन्ही अंडी गेलेली होती.

"वरून आला, आंटी," रोवेना धापा टाकत म्हणाली होती. "सूर्याकडून. दिसलाच नाही."

हेट्टीनं पोरीला जवळ घेतलं होतं. स्वतःलाच दोष दिला होता. एवढी घाई कशाला करायची, म्हातारे, आरसा दिला होता ना त्यांनी? चार महिने ती लेनाच्या वाटेनं जाताना मान खाली घालत होती. टोकावर एके काळी सहाशे घरटी होती, यंदा चौऱ्याण्णव. त्यातलं एक तिनं स्वतःच्या हातानं रिकामं केलं होतं. नोंदवहीत लिहिलं, 'दोन अंडी गेली. सीगल.' एवढंच.

सोमवारी सबंध गाव तिच्यामागं लागलं. मासळीच्या गाडीजवळ रांगेत उभी असताना चर्चमधली सान्ना म्हणाली, "आंटी हेट्टी, अहो सही करून टाका की! क्लिपनेसचं नाव होईल. नाहीतर आपल्याला कोण ओळखतं, तारलीचा डबा बघून?" मागून कुणीतरी पुरुष म्हणाला, "पेंग्विनांच्या सहवासात राहून राहून बाईंचा स्वभाव तसाच झालाय. जवळ गेलं की चोच मारते." सगळे हसले. हेट्टी मासळी न घेताच परतली.

मंगळवारी डोर्की कुंपणापाशी आली. आज बशी नव्हती.

"तुझ्या पोटात दुखतंय, दुसरं काही नाही," ती सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी म्हणाली. "स्वतःला पोर नाही, म्हणून माझ्या पोरीचं भलं बघवत नाही तुला."

"तोंड सांभाळ, डोर्की."

"का सांभाळू? अकरा वर्षं बर्फात हात घालतेय माझी पोर. रात्री कण्हते झोपेत. तिला एक दार उघडलंय तर तू आडवी पडतेस! कुणासाठी? त्या घाणेरड्या पक्ष्यांसाठी? आपल्या बापानं हजारो अंडी उकडून घातली आपल्याला. तू दोन दोन मागायचीस, सुस. मी विसरले नाही."

हे खरं होतं आणि खरं असल्यामुळंच जास्त झोंबलं. हेट्टीनं बादली आपटली.

"सही करते म्हटलं ना!" ती ओरडली. खरं तर तसं ती कुणालाच म्हणाली नव्हती. "उद्या पाठव तिला. आणि तू येऊ नकोस. तुझं थोबाड बघितलं की माझा हात लिहिणार नाही."

डोर्की आली नाही असं व्हायचं नाही. बुधवारी कारखान्याची पहिली पाळी संपल्यावर दोघी मायलेकी आल्याच. हेट्टीनं या वेळी दार पूर्ण उघडलं. रात्रभर विचार करून तिनं ठरवलं होतं. अंडी आपल्यामुळं गेली, पोरीचा काय दोष? काठी आपली, हट्ट आपला. खोटं लिहायचं तर आपण नोंदवहीत चार महिन्यांपूर्वीच लिहिलंय, आता आणखी एक ओळ. शिवाय नाही म्हटलं तर स्पर्धेवाले कारण विचारणार, कारण सांगितलं की खातं विचारणार. निवृत्तीला तेरा महिने उरले होते. नोकरी स्वच्छ संपली तर हे दोन खोल्यांचं घर हयातभर तिचं, असं खात्यानं लिहून दिलेलं होतं. या घराबाहेर तिला जायला जागा नव्हती. डोर्कीच्या घरी? त्यापेक्षा समुद्र बरा.

कागद टेबलावर होता. हेट्टीनं पेनाचं टोपण काढलं आणि तरीही हात थांबला.

"काठी कुठं दिसत तर नाही ना?" तिनं विचारलं.

"अगं नाही, आंटी," रोवेना म्हणाली. आज पोरगी खुशीत होती, गालांवर रंग चढलेला. "तू झुडपात, काठी झुडपात. स्पर्धेवाले आधीचे नंतरचे पाच फोटोसुद्धा मागतात, तेही काढून ठेवलेत. थांब, दाखवते. तुझी भीती तरी जाऊ दे."

तिनं कॅमेरा काढला, पाठीमागचा छोटा पडदा लावून दिला आणि मावशीच्या हातात ठेवला. "हे बटण दाबलं की पुढचा, हे दाबलं की मागचा."

हेट्टीनं बटण दाबलं. सीगल उडताना. लेना ओरडताना. अंडं चोचीत, तोच तो फोटो. काठी खरंच दिसत नव्हती. तिनं सुटकेचा श्वास सोडला.

तेवढ्यात डोर्कीनं तोंड उघडलं. गप्प बसवेल तर ती डोर्की कसली. पहिल्या नंबराच्या बक्षिसात पोरीला कुठं कुठं जायला मिळेल ते ती सांगू लागली आणि रोवेना हसत तिला दुरुस्त करू लागली, "नॉर्वे, मम्मी, रोम नव्हे." हेट्टीचा अंगठा बटणावरच होता. मागचं बटण. ती दाबत राहिली.

लेना अजून बसलेली. पोट खाली, अंडी झाकलेली. समोर दगडावर सीगल.

मागचा. लेना बसलेली. दगडावर सीगल, मान वाकडी करून बघतोय.

मागचा. सीगल. मागचा. सीगल. वरून आला नव्हता तो. सूर्याकडून तर नाहीच. लेनापासून दोन हातांवर आरामात उभा होता. हेट्टी मोजू लागली. एकोणीस फोटो. एकोणीस फोटो सीगल तिथं उभा, आणि त्यानंतरच्या विसाव्यात लेनानं पोट उचललेलं.

सर्वांत पहिल्या फोटोत सीगल नव्हता. नुसता दगड होता आणि दगडावर तारलीचं मुंडकं. मानेजवळ सरळ, कोयता मारल्यासारखं कापलेलं. असं कापणारं यंत्र क्लिपनेसमध्ये एकच होतं.

हेट्टीनं कॅमेरा टेबलावर ठेवला.

"'साफ' कोण म्हणालं होतं?" तिनं विचारलं.

रोवेनाचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण त्याला अर्थ उरला नाही. तिनं कॅमेऱ्याकडं बघितलं, मग मावशीकडं.

"आंटी..."

"मी मातीत तोंड खुपसून पडले होते. मला काही दिसत नव्हतं. मी तुझ्या शब्दावर काठी लावली. 'साफ' कोण म्हणालं?"

"काय झालं?" डोर्कीनं विचारलं. "आता काय झालं हिला?"

"मी म्हणाले," रोवेना म्हणाली. आणि मग तिचा आवाज चढला. "हो, म्हणाले! तो उभा होता आणि मी 'साफ' म्हणाले. मुंडकंही मीच ठेवलं. महिनाभर रोज ठेवत होते त्या दगडावर, सवय लागावी म्हणून. पुढं काय? दोन अंडी, आंटी! सीगल दरवर्षी शंभर खातात, तू स्वतः लिहितेस नोंदवहीत. आणि त्याच फोटोमुळं जगाला कळेल ना हे पक्षी संपत चाललेत ते! तुझ्या बावीस वर्षांच्या नोंदवह्या कुणी वाचल्या? एकानं तरी?"

"मी चार महिने लेनासमोर मान वर केली नाही," हेट्टी म्हणाली. "तुला ठाऊक होतं. तू बघत होतीस मला. मला मिठी मारलीस तू त्या दिवशी."

"कारण तू रडत होतीस!"

"कुणामुळं?"

डोर्कीला आता उमगलं होतं, पण डोर्की ती डोर्कीच. "झालं ते झालं," ती म्हणाली. "सही कर आणि मोकळी हो. दोन अंड्यांसाठी घरच्या माणसाचा गळा कापणार का?"

"सही करणार नसशील तर मलाही बोलता येतं," रोवेना म्हणाली. ती आता ओरडत नव्हती, आणि ते जास्त वाईट होतं. "काठी कुणाची, ते मी खात्याला सांगेन. तीन वर्षं 'आरशाने मोजणी' लिहितेस. आरसा त्या खिळ्याला आहे, बघ, कोळ्यानं जाळं केलंय त्यावर. नोकरी जाईल, आंटी. घरही."

हेट्टीनं खिळ्याकडं बघितलं. खरंच जाळं होतं.

"बस," ती म्हणाली. "लिहिते. दोघी बसा. मी लिहीपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही."

ती सावकाश लिहीत होती. शाळा चौथीपर्यंतच झाली होती, अक्षर मोठं. अर्धं पान भरलं. सही केली, तारीख घातली. मग कागद उचलून तिनं मोठ्यानं वाचला, चर्चमध्ये वाचतात तसा, एकाही शब्दावर न अडखळता.

"'मी, हेन्रिएटा फिलँडर, राखणदार, क्लिपनेस. या फोटोतल्या पक्ष्याला हुसकावलं होतं. मी हुसकावलं. मना केलेल्या काठीनं. अशी काठी मी तीन वर्षं वापरली आणि खोटं लिहिलं. पक्षी उठला तेव्हा सीगल दोन हातांवर होता, त्याला आमिष घातलेलं होतं. हा फोटो घेऊ नये. याची दुसरी प्रत मी आजच खात्याला पाठवते आहे.'"

"वेडी झालीस काय!" डोर्की ताडकन उठली. "स्वतःच्या हातानं? घर जाईल तुझं, मूर्ख बाई! रस्त्यावर येशील!"

रोवेना उठली नाही. तिचे लाल हात मांडीवर पडून होते. तिच्याकडं आता धमकी द्यायलाही काही उरलं नव्हतं. त्या कागदाकडं बघत ती हळूच म्हणाली, "माझं नाव नाही यात."

"नाही," हेट्टी म्हणाली.

"आमिष कुणी घातलं ते लिहिलं नाहीस. 'साफ' कोण म्हणालं तेही नाही." पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "थँक्यू, आंटी. खरंच. मला वाटलं तू..."

आणि तिथं ती थांबली. हेट्टी तिच्याकडं बघतच नव्हती. कॅमेरा पिशवीत घालून, पिशवीचा पट्टा नीट गुंडाळून ती दाराकडं निघाली होती. पिशवी तिनं उंबऱ्याबाहेर ठेवली, माणूस बोटीवर चढायच्या आधी त्याचं सामान ठेवतात तशी, आणि दार उघडं धरून उभी राहिली. नजर समुद्राकडं.

रोवेनाचा चेहरा पांढराफटक पडला. ती गोष्ट तिनं या स्वयंपाकघरात दहादा ऐकली होती.

"नाही," ती म्हणाली. "आंटी, असं नको. शिव्या दे. थोबाडीत मार. नाव लिही माझं त्या कागदावर, मोठ्या अक्षरात लिही. पण हे नको."

"अगं, लिहिलं नाही तर बरंच की!" डोर्की लेकीचा दंड ओढत म्हणाली. बापाच्या गोष्टी डोर्कीनं कधी कान देऊन ऐकल्याच नव्हत्या. "चल. हिच्या डोक्यावर परिणाम झालाय."

"मम्मी, तुला कळत नाही. आंटी! एकदा नाव घे माझं. एकदाच."

हेट्टी दार धरून उभी राहिली. दोघी बाहेर पडल्यावर तिनं ते लावलं, आणि कागदाची दुसरी प्रत लिहायला बसली. तिला रडू फुटलं, पण अक्षर तिनं बिघडू दिलं नाही.

पुढं जे व्हायचं ते झालं. स्पर्धेतून फोटो बाद झाला. खात्याचा माणूस आला, चहा प्यायला, दुःख झालं म्हणाला आणि महिन्याच्या आत घर रिकामं करायला सांगून गेला. काठी पुरावा म्हणून घेऊन गेला. डोर्कीनं चर्चमध्ये बाक बदलला. हेट्टीनं बंदरामागं, जाळी ठेवायच्या एका गोदामाशेजारी खोली घेतली. तिथून टोक दिसत नव्हतं, फक्त वारा फिरला की पेंग्विनांचं ओरडणं ऐकू यायचं. नवा राखणदार आरसा पुसत पुसत मोजणी करत होता. त्यानंच एकदा सांगितलं, की तीन ठिपके आणि खाली एक, त्या पक्षिणीनं पुन्हा दोन अंडी घातलीत.

"बसून आहे?" हेट्टीनं विचारलं.

"बसून आहे. उठायचं नावच घेत नाही."

सप्टेंबरच्या शेवटी ती मासळीच्या गाडीजवळ रांगेत उभी होती. लोक आता टोमणे मारत नव्हते, नुसते थोडे सरकून उभे राहत. समोर, रस्त्याच्या पलीकडं, कारखान्याची पाळी सुटली होती आणि बायका पांढऱ्या टोप्या काढत बाहेर पडत होत्या. त्यांच्यातली एक उंच मुलगी रस्त्याच्या कडेला थांबली. लाल हात तिनं काखेत दाबून धरले होते. ती रांगेकडं बघत उभी राहिली, जागची हलली नाही.

सान्नाला ते दिसलं. सान्ना मनानं वाईट नव्हती. तिनं हेट्टीचा कोपर हळूच धरला.

"आंटी हेट्टी," ती म्हणाली, "रोवेना उभी आहे तिकडं. केव्हाची बघतेय तुमच्याकडं. काहीतरी बोलायचं असेल तिला."

हेट्टीनं रस्त्यापलीकडं बघितलं. नीट, चष्म्यातून, पुरेसा वेळ बघितलं. मग रांग एक पाऊल पुढं सरकली, तशी तीही सरकली.

"कोण?" ती म्हणाली.